गल्लीतली शाळा की जगाची शाळा?

गेल्या दिवाळीत आमच्या घरी फराळापेक्षा एका प्रश्नाचीच चर्चा अधिक झाली. माझा मावसभाऊ चाकणच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. कंपनी त्याला तीन वर्षांसाठी जर्मनीत, स्टुटगार्टला पाठवणार आणि तो बायकामुलांसह जाणार, हे ठरले होते. ठरत नव्हते ते एवढेच, की नऊ वर्षांची थोरली आणि सहा वर्षांचा धाकटा यांना तिथे कोणत्या शाळेत घालायचे. गल्लीतल्या सरकारी जर्मन शाळेत, की इंग्रजीतून शिकवणाऱ्या आंतरराष्ट्रीय शाळेत? मी महाविद्यालयात जर्मन हा ऐच्छिक विषय घेतला आहे, एवढ्या भांडवलावर घरच्यांनी मला तज्ज्ञ ठरवले. तेव्हा मी काय सांगितले आणि का सांगितले, ते इथे मांडते.

हा प्रश्न एका घरापुरता राहिलेला नाही. इरावती कर्वे 1928 साली बर्लिनला गेल्या त्या स्वतःच्या संशोधनासाठी, आणि डॉक्टरेट घेऊन परत आल्या. त्या काळी परदेशी जाणारे बहुधा एकटे जात व शिकून परतत. आज बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे जातात. मुंबई आणि स्टुटगार्ट यांचे भगिनी-शहरांचे नाते 1968 पासूनचे आहे. 2024 साली तर कुशल कामगार पाठवण्याबाबत महाराष्ट्र शासनाने त्याच स्टुटगार्टच्या राज्याशी, म्हणजे बाडेन-वुर्टेम्बर्गशी, करार केला. म्हणजे आपल्यापैकीच कित्येकांच्या घरी उद्या हा वाद रंगणार आहे.

आंतरराष्ट्रीय शाळा ही कल्पना जन्मली कशी, ते आधी पाहू. 1924 साली जिनिव्हात अशी एक शाळा निघाली, ती राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय मजूर संघटना यांच्या अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी. पुढे 1968 मध्ये त्याच शहरात 'इंटरनॅशनल बॅकलॉरिएट' ही परीक्षा चालवणारी संस्था स्थापन झाली. आज या देशात तर उद्या त्या देशात ज्यांचा मुक्काम, अशांच्या मुलांचे शिक्षण तुटू नये, हा त्यामागचा हेतू होता आणि तो रास्तच होता. पण माझा भाऊ राजदूत नव्हे. त्याची कंपनी मुलांची फी देणार नाही, आणि अशा शाळांत एका मुलामागे वर्षाला पंधरा-वीस हजार युरो लागणे काही नवलाचे नाही. दोन मुलांच्या फीमध्ये त्याच्या पगाराचा मोठा हिस्सा जाईल.

उलट जर्मनीतली सरकारी प्राथमिक शाळा मोफत आहे. श्रीमंत-गरीब सर्वांच्या मुलांनी पहिली चार वर्षे एकाच शाळेत शिकावे, असा कायदा तिथे 1920 साली झाला. पहिलीत जाणाऱ्या मुलाच्या हाती त्याच्याएवढाच मोठा, खाऊने भरलेला कागदी शंकू देतात. चौथीच्या सुमारास पोलीस मुलांची सायकल चालवण्याची परीक्षा घेतात. शाळा घराजवळ असल्याने मुले चालत जातात, आणि वर्गातला सोबती संध्याकाळी खेळायलाही तोच असतो. माझ्या मते खरा लाभ हा आहे. आंतरराष्ट्रीय शाळेतला मित्र बसने शहराच्या दुसऱ्या टोकाला जातो, आणि बापाची बदली झाली की दुसऱ्या देशाला!

"पण तीन वर्षांनी परत आल्यावर काय?" हा मावशीचा सवाल. सवाल खरा आहे. मात्र तीन वर्षांची तीनच वर्षे होतात, याची हमी कोण देणार? तिथे 'ब्लू कार्ड'वर काम करणाऱ्याला 27 महिन्यांनी, आणि जर्मन बऱ्यापैकी येत असेल तर 21 महिन्यांनीच, कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. तो हाती आला की परतीचे तिकीट पुढे ढकलले जाते. मग सहा वर्षे जर्मनीत राहून ज्याला दुकानदाराशीही धड बोलता येत नाही, असा मुलगा आपण घडवणार काय?

वहिनींचा आक्षेप याहून कठीण होता. "पोर वर्गात मुकी बसेल, त्याचे काय?" यावर मला पटकन उत्तर देता आले नाही, कारण ते मुकेपण मी भोगले आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून चौथी झाल्यावर मला तालुक्याच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातले. पाचवीचे सबंध वर्ष मी गप्प होते. पाणी प्यायला जाऊ का, हे इंग्रजीतून विचारता येत नाही म्हणून तहानलेली बसत असे. बाईंनी प्रगतिपुस्तकात 'मंद' असा शेरा मारला. मी मंद नव्हते. फक्त माझे शब्द गावी राहिले होते. म्हणून "मुले काय, शिकतात आपोआप" असे कुणी म्हणाले, की मला राग येतो. मुले शिकतात, पण त्याची किंमत मोजतात.

जर्मनीत ही किंमत थोरलीला अधिक पडेल. तिथल्या बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलांच्या वाटा फुटतात: कुणी विद्यापीठाकडे नेणाऱ्या 'गिम्नाझियम'मध्ये, तर कुणी व्यवसायाकडे वळणाऱ्या शाळांत. दहाव्या वर्षी ही निवड! 2000 सालच्या 'पिझा' चाचणीने तर दाखवून दिले, की मुलाची घरची परिस्थिती आणि त्याची शाळेतली प्रगती यांची गाठ जर्मनीत फार घट्ट आहे. तेव्हा जर्मन शाळा म्हणजे नंदनवन, असे मी मुळीच म्हणत नाही.

तरीही माझे मत गल्लीतल्या शाळेच्याच बाजूने पडले. फक्त काही अटींवर. वयाने थोरली चौथीत बसते. शाळेशी बोलून तिला तिसरीत बसवता आले, तर त्यात कमीपणा मानू नये. परदेशी मुलांना आधी भाषा शिकवणारे तयारीचे वर्ग तिथे असतात, त्यांची चौकशी इथूनच करावी. जर्मनचे धडे आजपासून सुरू व्हावेत, आणि ते आईबापांनीही घ्यावेत. पालकसभेत आई मुकी बसली, तर मुलीची बाजू मांडणार कोण? गिम्नाझियम हुकले तर कपाळाला हात लावू नये. दहावीनंतरही विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेकडे नेणाऱ्या वाटा तिथे आहेत. आणि हो, तिथे गुण 1 ते 6 असे देतात व 1 हा सर्वांत उत्तम. तेव्हा पहिल्याच प्रगतिपुस्तकावरून पोरीला बोलणी बसू नयेत!

अपवाद आहेतच. मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा असेल, किंवा मुक्काम खरोखर वर्षभराचाच असेल, तर भाषेचा असा घाट त्याला चढायला लावणे अन्याय होईल. तिथे आंतरराष्ट्रीय शाळाच बरी. पण "इंग्रजी म्हणजे प्रतिष्ठा" एवढ्याच कारणाने ती निवडू नये. हा रोग आपण इथूनच बरोबर नेतो. गावातली मराठी शाळा ओस पाडून दहा मैलांवर पोरे पाठवणारे आपणच ना? प्रश्न तोच आहे. स्टुटगार्टला तो फक्त युरोत विचारला जातो.

राहिली मराठी. ती कोणतीच शाळा शिकवणार नाही, ते काम घराचे. थोरलीने आजीला दर आठवड्याला एक पत्र लिहावे, असे मी सुचवले आहे. चुका असल्या तरी चालतील.

निर्णय झाला आहे: दोघेही जर्मन शाळेत जाणार. माझा सल्ला चुकला, तर त्याचे फळ मला नव्हे, एका नऊ वर्षांच्या मुलीला भोगावे लागेल, याची जाणीव मला झोपताना टोचते. म्हणून दर रविवारी आमची शिकवणी चालू आहे. पहिल्या दिवशी मी तिला जर्मनमधले एकच वाक्य शिकवले: "मी पाणी प्यायला जाऊ का?"