आखूड पायांचे देणे

डॅशहंड जातीचे कुत्रे मुंबई-पुण्याच्या घरांतून पुष्कळदा दृष्टीस पडते. लांबट देह, वीतभर पाय आणि लोंबते कान यांमुळे मुलांना त्याचे मोठे कौतुक वाटते. एके दिवशी हेच कुत्रे पलंगावरून उडी मारते, विव्हळते आणि मागचे दोन्ही पाय फरफटत कोपऱ्यात जाऊन पडते. मग घरात कुजबूज सुरू होते. “आता याचा काय उपयोग?” असे कोणी म्हणते, कोणी त्याला दूर नेऊन सोडून देण्याची युक्ती सुचविते.

ही युक्ती क्रूर तर आहेच, शिवाय ती अज्ञानातून सुचलेली आहे. कुत्र्याचे पाय मोडलेले नसतात. दोन मणक्यांमधील गादी सरकून मज्जारज्जूवर दाब पडतो व मेंदूची आज्ञा पायांपर्यंत पोचेनाशी होते. पायांत वेदनेची जाणीव शिल्लक असताना पशुवैद्याकडे तातडीने नेले, तर अशी बहुतेक कुत्री पुन्हा चालू लागतात. ती जाणीव नाहीशी झाली असेल तर मात्र आशा बरीच उणावते. कोणाला काही आठवडे पिंजऱ्यात सक्तीची विश्रांती देतात, कोणावर शस्त्रक्रिया करावी लागते.

परंतु खरी कसोटी त्यानंतरची. पशुवैद्य सांगेल त्या दिवसापासून भौतिकोपचार सुरू होतात. सांधे आखडू नयेत म्हणून एकेक पाय हलकेच वाकवून सरळ करावयाचा, पोटाखालून पंचा घालून कुत्र्याला उभे धरावयाचे, असा हा क्रम दिवसातून अनेकदा चालतो. काही ठिकाणी पारदर्शक हौदात फिरता पट्टा बसवून त्यात कोमट पाणी सोडतात. पाणी खुब्यापर्यंत चढले म्हणजे कुत्र्याच्या वजनाचा सुमारे ३८ टक्के भारच पायांवर राहतो; दहा किलोच्या कुत्र्याला चार किलोंहूनही कमी ओझे पेलावे लागते. जमिनीवर कोलमडणारे पाय तेथे पाऊल टाकू पाहतात. पाहणाऱ्याला हा खेळ वाटतो. कुत्र्याच्या दृष्टीने मात्र ते कष्टाचे काम असते.

“माणसांना औषध मिळत नाही, तेथे कुत्र्यांचे हे लाड कशाला?” असा आक्षेप कित्येक जण घेतात. तो सर्वस्वी पोकळ नाही. हौदाचा खर्च सर्वांना झेपणारा नव्हे. पण पंच्याला पैसे पडत नाहीत. तेथे लागतो तो वेळ, आणि कंटाळा न करण्याची तयारी. शिवाय हे आखूड पाय कुत्र्याने मागून घेतलेले नाहीत. बॅजर नावाच्या प्राण्याच्या बिळात शिरता यावे म्हणून जर्मनीतील शिकाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या निवड करून ही जात घडविली. ज्या आनुवंशिक बदलाचा आखूड पायांशी संबंध आहे, त्याचाच गाद्या अकाली कठीण होण्याशीही आहे, हे २०१७ साली उघड झाले. म्हणजे हा आजार पुष्कळ अंशी माणसाच्याच करणीचा आहे. मग त्याचे देणे कोणी फेडावयाचे?

कायद्यानेही हे देणे मानले आहे. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याप्रमाणे, ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याने त्याच्या क्षेमाची वाजवी काळजी घेणे हे कर्तव्य ठरते. आणि उपाशीतापाशी हाल होतील अशा रीतीने त्याला विनाकारण सोडून देणे हा गुन्हा ठरतो.

काही कुत्री कितीही केले तरी उठत नाहीत. त्यांच्या कमरेला दोन चाकांची लहानशी गाडी बांधतात आणि ती पुढच्या पायांनी अंगणभर धावतात. असह्य वेदना थांबेचनात, तर पशुवैद्य वेदनारहित मृत्यूचा सल्ला देतो. तोही कधी दयेचाच मार्ग असतो. मात्र उपचारांचा कंटाळा आला म्हणून तो पत्करणे निराळे.

डॅशहंडला दोन्ही हातांनी, पाठीला आधार देऊन उचलावे. त्याला लठ्ठ होऊ देऊ नये. आणि ज्याला ते घरी आणावयाचे आहे, त्याने पिल्लू येण्यापूर्वीच पलंगाला टेकविण्यासाठी एक उतरती फळी सुताराकडून करून घ्यावी.