कॅसॉबनजवळ थांबताना
‘मिडलमार्च’ ही कादंबरी पहिल्यांदा वाचली तेव्हा मी विशीत होते आणि कॅसॉबनचा मला मनस्वी राग आला होता. कोवळ्या डोरोथियाला आपल्या टिपणांच्या ढिगाऱ्यात कोंडणारा, मेल्यावरही मृत्युपत्रातून तिच्यावर पहारा ठेवणारा नवरा! साठीत पुन्हा वाचताना लेखिका जॉर्ज एलियटने १८७१-७२ मध्ये काय करून ठेवलंय ते दिसलं. एकोणतिसाव्या प्रकरणात ती डोरोथियाविषयीचं वाक्य अर्ध्यावर तोडते आणि थेट कॅसॉबनच्या मनात शिरते. साऱ्या पुराणकथांची किल्ली शोधायला निघालेला हा माणूस. या विषयात जर्मन अभ्यासक पुढे गेलेले आणि याला जर्मन येत नाही, म्हणून त्याची मेहनत आधीच शिळी झालेली, आणि आपण उघडे पडू ही धास्ती रात्रंदिवस. ते मृत्युपत्र मी आजही माफ करत नाही. पण तो ग्रंथालयात एकटा बसतो, ती पानं मी आता भराभर उलटत नाही.