गणिताची पायरी नेमकी कुठली?

आधी ही एक रिकामी जागा भरा : ७ + २ = ___ + ६.

उत्तर ३. हसू आलं ना? पण अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो कॅम्पसमध्ये, गणिताच्या पूर्वतयारी वर्गातल्या मुलांना हाच प्रश्न दिला तेव्हा साधारण चारांतल्या एकाचं उत्तर चुकलं. हे काही कुठलं गल्लीबोळातलं कॉलेज नाही, जगात नाव असलेलं विद्यापीठ आहे.

अशा प्रश्नात नेहमी होणारी चूक म्हणजे ९ लिहिणं. असं लिहिणाऱ्याला बेरीज येते. त्याला कळलेलं नसतं ते बरोबरचं चिन्ह. त्याच्या लेखी त्या चिन्हाचा अर्थ ‘आता उत्तर लिहा’ एवढाच असतो. दोन्ही बाजू समान हव्यात, हे राहूनच गेलेलं असतं. आणि याच मुलाला पुढे समीकरणं सोडवायची असतात.

नोव्हेंबर २०२५मध्ये या विद्यापीठाच्या समितीचा अहवाल आला आणि तिकडे एकच चर्चा सुरू झाली. ज्यांचं गणित हायस्कूलच्या पातळीच्याही खाली आहे अशा नव्या विद्यार्थ्यांची संख्या २०२० ते २०२५ या काळात जवळपास तीसपट झाली, असं त्यात म्हटलं आहे. अहवालात कारणंही दिली आहेत : कोविडची ऑनलाइन शाळा, प्रवेशासाठी बंद झालेली एसएटी परीक्षा आणि शाळांनी सढळ हाताने दिलेल्या ग्रेड्स. यातल्या अनेकांच्या मार्कशीटवर गणितात उत्तम ग्रेड होती. म्हणजे मार्कशीट एक सांगत होती आणि पाया दुसरंच.

मग अशा मुलांना खालच्या वर्गात बसवावं, हा सरळ उपाय वाटतो. पण त्याच कॅलिफोर्नियाने याची दुसरी बाजूही पाहिली आहे. तिथल्या कम्युनिटी कॉलेजांमध्ये वर्षानुवर्षं हेच चालायचं. प्लेसमेंट टेस्ट घ्यायची आणि कच्च्या मुलांना एकामागून एक पूर्वतयारीचे कोर्स करायला लावायचे. या कोर्सेसचे क्रेडिट पदवीसाठी धरले जात नसत. खूप मुलं मधेच गळायची आणि खऱ्या कोर्सपर्यंत पोहोचायचीच नाहीत. शेवटी २०१७मध्ये कायदा झाला : मुलांना शक्यतो थेट पदवीच्या कोर्सला बसू द्या आणि लागेल ती मदत सोबत द्या.

थोडक्यात, फार वरून सुरुवात केली की माणूस आपटतो आणि फार खालून केली की वाटेतच दमतो.

हार्वर्डने २०२४मध्ये मधला मार्ग काढला. बीजगणित कच्चं असलेल्या मुलांसाठी त्यांनी कॅल्क्युलसचा एक नवा वर्ग सुरू केला. कोर्स तोच, पण तास आठवड्यातून पाच दिवस. पायरी खाली आणली नाही, चढायला वेळ जास्त दिला.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे हा वादच नाही, कारण बहुतेक कॉलेजांत ‘तुझी पायरी कुठली?’ असं कोणी विचारतच नाही. सीईटीचा पर्सेंटाइल तुम्ही इतरांच्या पुढे की मागे एवढंच सांगतो. इंटिग्रेशन समजलंय की पर्याय उलटे टाकून उत्तर काढलंय, हे तो सांगत नाही. मग पर्सेंटाइल ९५ असो वा ५५, सगळे एकाच बाकावर आणि पुढ्यात तोच एम-वन. पायरी चुकल्याचं कळतं ते थेट केटी लागल्यावर.

सगळ्यात जास्त ओढाताण होते डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांची. वर्कशॉप, ड्रॉइंग, मशीन यांत ही मुलं बारावीवाल्यांना भारी पडतात. पण इंजिनीअरिंगचं पहिलं वर्ष त्यांनी केलेलंच नसतं. त्यामुळे एम-वन, एम-टू न शिकता थेट एम-थ्री समोर येतो. लाप्लास ट्रान्सफॉर्म सुरू होतो आणि इंटिग्रेशनची गाडी पहिल्याच स्टेशनवर अडते. काही कॉलेजं ब्रिज कोर्स घेतात, पण कुठे तो मनापासून शिकवला जातो तर कुठे हजेरीपुरता उरतो. असा मुलगा नापास झाला की लगेच ‘डिप्लोमावाल्यांचं गणित कच्चंच’ असा शिक्का बसतो. खरं तर त्याच्या मधल्या दोन पायऱ्याच काढून घेतलेल्या असतात. यात हुशारीचा संबंध कुठे आला?

हीच गोष्ट वेगळ्या रूपात इतरांचीही होते. अकरावीला गणित सोडून बायो घेतलेली मुलगी पुढे डेटा सायन्सकडे वळते. गणित न घेता कॉमर्स केलेल्याला इकॉनॉमिक्समध्ये एम.ए. करावंसं वाटतं. नव्या शैक्षणिक धोरणामुळे मायनर आणि ओपन इलेक्टिव्हची दारं उघडली, हे चांगलंच झालं. पण दार उघडं आहे म्हणजे आतला जिना आपल्याला चढता येईलच असं नाही. परदेशी पदवीला जाणाऱ्यांना तर बऱ्याच विद्यापीठांत प्लेसमेंट टेस्ट द्यावीच लागते. ती मित्राच्या किंवा एआयच्या मदतीने सोडवली, तर फसवणूक फक्त स्वतःचीच होते.

मग करायचं काय? आपली टेस्ट आपणच घ्या. जो कोर्स घ्यायचाय त्याच्या अलीकडच्या इयत्तेची एखादी जुनी प्रश्नपत्रिका घ्या. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि तासाभरात जमेल तेवढी सोडवा. मार्कांपेक्षा चुका कुठल्या होतात ते बघा. घाईत चिन्ह चुकलं तर काळजी नाही, ते सरावाने जातं. पण ९ अधिक १६ यांचं वर्गमूळ ७ लिहिलं असेल, तर थांबा. ते ५ आहे. दोन वर्गमुळं सुटी काढून बेरीज करता येत नाही, हे निसटलेलं असेल तर पुढच्या प्रत्येक पानावर ते आडवं येईल.

अशा चुका दोन-चार विषयांपुरत्याच असतील, तर ठरलेला कोर्स घ्या आणि सुट्टीत तेवढेच विषय पक्के करा. अपूर्णांक, घातांक, लॉगॅरिदम, त्रिकोणमिती, बहुतेक गळती इथेच सापडते. अर्धी प्रश्नपत्रिका कोरी राहिली असेल, तर मात्र एक पायरी खाली उतरा. दहावी-अकरावीचं पुस्तक पुन्हा उघडायला लाजू नका. फक्त तारीख ठरवून उतरा : अमुक आठवड्यांत परत वर यायचंच. नाहीतर ‘आधी बेसिक पक्कं करतो’ म्हणता म्हणता सेमिस्टर निघून जातं.

आणि कॉलेजकडेही मागा. ‘सर, पहिल्या आठवड्यात एक टेस्ट घ्या, मार्क धरू नका, पण कोण कुठे आहे ते बघा आणि जादा तास ठेवा,’ एवढं वर्ग प्रतिनिधीने म्हणायला काय हरकत आहे? सॅन डिएगोला निदान आकडे तरी कळले, कारण त्यांनी मुलांना विचारलं. आपल्याकडे तीच रिकामी जागा किती जण चुकतील, हे कळायला आधी कोणीतरी विचारायला हवं.