पक्ष्यांना पाणी मिळाले, नोंद मात्र कोरडीच

बीड जिल्ह्यात पक्षी वाचविण्याचे काम स्वयंसेवकांच्या बळावर चालते. पण पक्षी मोजण्याचे काम अद्याप कोणाचेच नाही

बीड, (आमच्या प्रतिनिधीकडून) : राज्य शासनाच्या निर्णयानुसार २०२० पासून दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा 'पक्षी सप्ताह' म्हणून साजरा केला जातो. ५ नोव्हेंबर हा अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा, तर १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस. शाळाशाळांतून चित्रप्रदर्शने होतात, विद्यार्थ्यांना जवळच्या तलावावर नेले जाते, वन विभागाचे अधिकारी मार्गदर्शन करतात. हे सारे स्वागतार्हच आहे. मात्र बीड जिल्ह्यात याच सुमारास दुसरीही एक लगबग सुरू असते. दसरा-दिवाळी उरकून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या वाटेला लागलेल्या असतात. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, केज, वडवणी या डोंगरपट्ट्यातील वाड्या-तांडे निम्मेअधिक रिकामे होतात. माळावरचा कोणता पक्षी कोठे अंडी घालतो हे ज्यांना पुस्तक न वाचता ठाऊक असते, ती माणसे पक्षी सप्ताहात जिल्ह्यात नसतात. जिल्ह्यातील पक्षीमित्र चळवळीची अडचण समजून घ्यायची तर सुरुवात येथूनच करावी लागेल.

पुण्या-मुंबईत पक्षीमित्र म्हटले की गळ्यात दुर्बीण आणि हाती कॅमेरा असलेली व्यक्ती डोळ्यांसमोर येते. बीडमधील चित्र वेगळे आहे. येथे या कामात पडणारा तरुण बहुधा सर्पमित्र म्हणून सुरुवात करतो. घरात साप निघाला म्हणून त्याला बोलावले जाते. मग कोणी विहिरीत पडलेले घुबड काढण्यासाठी बोलावतो, कोणी विजेच्या तारेला चिकटून भाजलेली घार घेऊन येतो. हळूहळू तो आपोआपच पक्षीमित्र होतो. शिरूर कासार तालुक्यातील तागडगाव येथील 'सर्पराज्ञी' वन्यजीव पुनर्वसन केंद्राचा लौकिक अशाच कामातून उभा राहिला आहे. जखमी मोर, घारी, घुबडे, हरणे, वानरे येथे आणली जातात, उपचारानंतर निसर्गात सोडली जातात. मराठवाड्यासारख्या दुर्लक्षित भागात खासगी प्रयत्नांतून असे केंद्र चालते, ही गोष्ट जितकी अभिमानाची, तितकीच ती शासकीय यंत्रणेच्या उणिवेवर बोट ठेवणारीही आहे.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्यपक्षी ही सरकारची मालमत्ता ठरते. असा पक्षी कोणाच्या ताब्यात आला तर त्याने अठ्ठेचाळीस तासांच्या आत नजीकच्या पोलीस ठाण्याला अथवा प्राधिकृत अधिकाऱ्याला कळविणे बंधनकारक आहे. वन विभागाचा 'हॅलो फॉरेस्ट' १९२६ हा क्रमांकही त्यासाठी उपलब्ध आहे. प्रश्न पुढचा आहे. कळविल्यानंतर पक्षी न्यायचा कोठे? नागपूरला वन विभागाचे सुसज्ज ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. पण आष्टीत पंख तुटलेली घार नागपूरपर्यंत जिवंत पोहोचणे अशक्यच. तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना गाई-म्हशींच्या उपचारासाठी असतो. शिकारी पक्ष्याला भूल किती द्यायची, मोडलेले पंखाचे हाड कसे बांधायचे, याचे प्रशिक्षण सर्वच ठिकाणी मिळालेले असेल अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. प्रस्तुत प्रतिनिधीने काही वर्षांपूर्वी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मांज्यात अडकलेली एक घार पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून दोन कार्यालयांच्या पायऱ्या चढल्या होत्या. दोन्हीकडे सहानुभूती मिळाली, चहाही मिळाला. घार मात्र संध्याकाळी गेली. नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच बंदी घातली आहे, हे येथे नमूद केले पाहिजे.

या पोकळीत उभा असलेला स्वयंसेवक पदरच्या पेट्रोलने फिरतो. ओळखपत्र नसेल, तर जखमी मोर दुचाकीवरून नेताना त्यालाच शिकारी समजले जाण्याची भीती असते. ही भीती अनाठायी नाही. मार्च २०२५ मध्ये शिरूर कासार तालुक्यातील वन्यप्राण्यांच्या शिकारीचे प्रकरण राज्यभर गाजले. त्यानंतर वन्यजीव हाताळणाऱ्या प्रत्येकाकडे संशयाने पाहिले जाणे स्वाभाविक होते. खरा पक्षीमित्र कोण आणि मित्राचा बुरखा पांघरलेला कोण, हे ठरविण्यासाठी वन विभागाने स्वयंसेवकांची पडताळणी करून त्यांची नोंदणी ठेवणे हाच मार्ग आहे. त्यात स्वयंसेवकाचेही संरक्षण आहे.

मोराचे अभयारण्य, मोराची तक्रार

जिल्ह्यात पक्ष्यांसाठी राखलेले एकमेव ठळक क्षेत्र म्हणजे पाटोदा तालुक्यातील नायगाव मयूर अभयारण्य. बालाघाटच्या रांगेतील सुमारे ३० चौरस किलोमीटरच्या या टापूला १९९४ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. वनक्षेत्र अत्यल्प असलेल्या या जिल्ह्याला राष्ट्रीय पक्ष्याचे अभयारण्य लाभले, याचे अप्रूप आजही आहे. २०१२-१३, २०१५-१६ आणि २०१८-१९ च्या दुष्काळांत डोंगरपट्ट्यातील पाझर आटले, तेव्हा पाणवठ्यांवर टँकरने पाणी टाकणे, सिमेंटच्या कुंड्या भरणे, धान्य टाकणे ही कामे स्वयंसेवकांनी अंगावर घेतली. माणसांना हंडाभर पाण्यासाठी मैलभर जावे लागत असताना मोरासाठी पाणी ओतणाऱ्याला गावात टोमणेही ऐकावे लागले. तरीही ते ओतले गेले.

आज चित्र पालटले आहे. मोर ही देशात संख्येने वाढणाऱ्या मोजक्या पक्ष्यांपैकी एक जात आहे, असे 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या २०२३ च्या अहवालात म्हटले आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की पेरलेले बी उकरले जाते, भुईमूग आणि भाजीपाला उचकटला जातो. मोराला कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण असल्याने शेतकऱ्याला हाकारे घालण्यापलीकडे काही करता येत नाही. बियाण्याला लावलेल्या कीटकनाशकाने मोर दगावला तर ते जाणूनबुजून घडले की अजाणता, याचा निवाडा अवघड होतो. अशा वेळी वन विभागापूर्वी बांधावर पोहोचतो तो स्वयंसेवकच, आणि शेतकऱ्याचा संताप झेलतो तोही तोच. मोर वाचवा असे सांगणे सोपे आहे. ज्याचे अर्धा एकर बी गेले त्याच्यासमोर उभे राहून ते सांगणे सोपे नाही. मोराने केलेल्या नुकसानीचा प्रश्न टाळून मयूर संरक्षणाच्या गप्पा मारणे फार काळ चालणार नाही, असे या प्रतिनिधीचे स्पष्ट मत आहे.

शेजारच्या जिल्ह्यांचा अनुभव यासंदर्भात बोलका आहे. सोलापूर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झाले, तेव्हा त्याचे क्षेत्र तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर होते. त्यात गावेच्या गावे, शेतजमिनी, साखर कारखाने आले. जमीन खरेदी-विक्रीवर निर्बंध आले आणि एका पक्ष्याविषयी दोन जिल्ह्यांत कटुता निर्माण झाली. पुढे हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत घटविण्यात आले. पण तोपर्यंत नान्नजच्या माळावरील माळढोक बोटांवर मोजण्याइतकेही उरले नव्हते. लोकांना बाजूला ठेवून केलेले संरक्षण पक्ष्यालाही तारत नाही.

मोजणीचे महत्त्व

येथे मूळ मुद्द्याकडे यावे लागेल. बीडमधील स्वयंसेवक पक्षी वाचवितो, पाणी घालतो. पण नोंद ठेवत नाही. यात त्याचा दोष नाही. जखमी घारीला वाचविल्याचे छायाचित्र वृत्तपत्रात येते; माळावर सकाळी तासभर उभे राहून सात माळटिटव्या आणि दोन धाविक दिसल्याची नोंद कोणी छापत नाही. (वृत्तपत्रेही या पापाची धनी आहेत, हे कबूल केले पाहिजे.) परंतु धोरण ठरते ते अशा नोंदींवरच.

गिधाडांचे उदाहरण घ्यावे. नव्वदच्या दशकात भरतपूरच्या केवलादेव उद्यानातील घरट्यांच्या मोजणीवरून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी गिधाडे झपाट्याने कमी होत असल्याचे दाखवून दिले. जनावरांना देण्यात येणारे डायक्लोफिनॅक हे औषध त्यामागे असल्याचे २००४ मध्ये सिद्ध झाले आणि २००६ मध्ये पशुवैद्यकीय वापरासाठी त्यावर बंदी आली. आधीचे आकडे हाताशी नसते तर गिधाडे गेली एवढेच आपण म्हणत बसलो असतो.

२०२३ च्या अहवालासाठी देशातील सुमारे तीस हजार पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटींहून अधिक नोंदी वापरण्यात आल्या. ९४२ जातींचा आढावा घेण्यात आला. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल सांगणे शक्य झाले, त्यांपैकी ६० टक्के जाती घटलेल्या आढळल्या. गवताळ माळावर आणि उघड्या रानावर जगणाऱ्या पक्ष्यांची पीछेहाट विशेष नोंदविली गेली. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानले जाते तो चास म्हणजेच नीलपंखही या यादीत आहे. बीड जिल्ह्याचा मोठा भाग याच प्रकारच्या माळरानाचा आहे. पण येथील किती माळांवर किती नीलपंख उरले, हे सांगणारी सलग नोंद कोणाकडे आहे? आमदाराने विधानसभेत प्रश्न विचारायचा ठरविले तरी त्याच्या हाती द्यायला कागद नाही.

हा प्रश्न तातडीचा ठरतो तो बालाघाटच्या माथ्यावर उभ्या राहत असलेल्या पवनचक्क्यांमुळे. पवनचक्क्यांवरून गेल्या काही वर्षांत जिल्ह्याचे नाव भलत्याच कारणांनी गाजले. त्या गदारोळात पक्ष्यांचा विचार कोणाच्या मनात येणेही कठीण होते. वस्तुस्थिती अशी, की २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेतून पवनऊर्जा आणि सौरऊर्जा प्रकल्प वगळलेले आहेत. वीज वाहून नेणाऱ्या तारांनाही ही मंजुरी लागत नाही. म्हणजे वनजमीन किंवा संरक्षित क्षेत्राचा संबंध नसेल, तर प्रकल्पापूर्वी त्या माळावरील पक्ष्यांचा अभ्यास करण्याचे बंधन कोणावर नाही. स्वच्छ ऊर्जेला विरोध करण्याचे कारण नाही, आणि दुष्काळी शेतकऱ्याला भाड्याचे चार पैसे मिळत असतील तर ते हवेच आहेत. मात्र भोवत्यासारखे हिवाळी शिकारी पक्षी ज्या माळावर रात्री शेकड्यांनी उतरतात तो माळ सोडून शेजारचा निवडता आला असता की नाही, हे सांगण्यासाठी आधीची नोंद लागते. शासन ती मागत नाही, कंपनी ती करत नाही. उरतो तो स्वयंसेवक.

दुसरा आघात अधिक सौम्य चेहऱ्याचा आहे. सरकारी नकाशांत माळरान 'पडीक' म्हणून दाखविले जाते आणि पडीक जमीन दिसली की झाडे लावण्याची ऊर्मी येते. २०१६ ते २०१९ या काळात राज्यात दोन कोटींपासून तेहतीस कोटींपर्यंत वृक्षलागवडीची उद्दिष्टे ठेवली गेली. उघड्या माळावर खड्डे खणून गिरिपुष्पासारखी झाडे लावली, तर चंडोल, धाविक, पखुर्डी यांचे घरच मोडते. कारण हे पक्षी झाडावर नव्हे, जमिनीवर अंडी घालतात. वृक्षारोपणाच्या कार्यक्रमात सर्वांत पुढे असतात ते पुष्कळदा आपले पक्षीमित्रच. चांगल्या हेतूने घडणारी ही चूक अभ्यासाशिवाय थांबणार नाही.

नोंदीचा उपयोग केवळ पक्ष्यांनाच होतो असेही नाही. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे शेकडो कोंबड्या दगावल्या. त्याच सुमारास पाटोदा तालुक्यात मृत आढळलेल्या कावळ्यांच्या नमुन्यांत बर्ड फ्लूचे निदान झाले. मेलेल्या कावळ्याकडे कोणाचे तरी लक्ष गेले आणि त्याने ते कळविले, म्हणून प्रशासनाला हालचाल करता आली. गावोगावी अशी नजर असणे कुक्कुटपालकांच्याही हिताचे आहे.

मग हे काम होणार कसे? महाराष्ट्र पक्षीमित्र संघटनेची संमेलने, फेब्रुवारीतील जागतिक परसबागेतील पक्षीगणना, १९८७ पासून जानेवारीत होणारी आशियाई पाणपक्षी गणना, असे उपक्रम आहेत. माजलगाव आणि मांजरा धरणांचे फुगवटे, बिंदुसरा प्रकल्प, गोदाकाठ येथे हिवाळ्यात पाणपक्षी येतात आणि बीड, अंबाजोगाई, माजलगावातील शिक्षक-प्राध्यापक मंडळी त्यांवर जमेल तसे लक्ष ठेवतात. परंतु हे सर्व उपक्रम हिवाळ्यातले आहेत. म्हणजे डोंगरपट्ट्यातील माणूस उसाच्या फडात असतानाचे. शिवाय ते पाण्यावरचे आहेत, माळावरचे नाहीत. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत सिंदफणेला पूर आला, शिरूर कासारमध्ये पाणी शिरले, आष्टी तालुक्यात लोकांना सुखरूप बाहेर काढावे लागले. त्या पावसाने जमिनीवरच्या घरट्यांचे काय झाले, याची नोंद हिवाळ्यातील गणनेत येणेच शक्य नाही.

टोळ्या मार्च-एप्रिलमध्ये परततात. धाविक आणि माळटिटवीची अंडी त्यानंतर उन्हाळ्यात दिसू लागतात. मोराची वीण पावसाळ्यात होते. म्हणजे पाडव्यापासून पोळ्यापर्यंत माळावरचा पक्षी आणि माळावरचा माणूस दोघेही घरी असतात. मेंढपाळ, गुराखी, ऊसतोड कामगारांची शाळकरी मुले यांना हाताशी धरून याच काळात प्रत्येक तालुक्यातील दोन-तीन माळ ठरवून दर महिन्याला मोजता येतील. त्यासाठी दुर्बिणीही फारशा लागणार नाहीत. वही, मोबाईल आणि पक्ष्यांची गावातली नावे लिहून घेण्याची तयारी पुरेशी आहे. नायगावच्या वनाधिकाऱ्यांनी आणि जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांनी मनावर घेतले, तर येत्या पाडव्यालाही पहिली वही उघडता येईल. टोळ्या परतल्यावर गावात ग्रामसभा होतेच. तिच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय घालण्यास कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.