आधी कोणाचे काम?

हिवाळी अधिवेशन जवळ आले की नागपुरातील सार्वजनिक बांधकाम विभागाचे अभियंते रविभवन, नागभवन आणि आमदार निवासाच्या डागडुजीत गुंततात. त्या दिवसांत इतर कामांच्या मंजुऱ्या रेंगाळणार, हे आपल्याला ठाऊक असते. मे महिन्यात भर दुपारी स्लॅबवर काम होत नाही आणि मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी इतवारी-महालात मालाची गाडी शिरत नाही, हेही ठाऊक असते. तरी आपल्या प्रकल्प-नियोजनाच्या सॉफ्टवेअरमधले कॅलेंडर पाहावे, तर त्यात रविवारच्या सुट्टीपलीकडे काही नोंदलेले नसते.

कॅलेंडर सुधारणे तरी सोपे. खरी अडचण होते ती एकाच वेळी अनेक प्रकल्पांना पुरणाऱ्या माणसांची. सल्लागार कार्यालयातला अनुभवी स्ट्रक्चरल डिझायनर घ्या. तीन प्रकल्पप्रमुख आपापल्या फायलीत त्याचा अर्धा वेळ लिहितात. आठवड्याचे तास 48. प्रत्येकाने धरले 24, म्हणजे एकूण 72. प्रत्येक फाइल सुटी पाहिली तर बिनचूक! तिन्ही फायली एका सामायिक रिसोर्स पूलला जोडल्या की मगच त्या माणसाच्या नावापुढे लाल खूण उमटते.

यात दोष सॉफ्टवेअरचा नाही. त्याचा पाया असलेली, 1957 च्या सुमारास अमेरिकेत ड्यू पाँ कंपनीत आकाराला आलेली क्रिटिकल पाथ पद्धत कोणते काम कशावर अवलंबून आहे, ते मोजते. ते करणारा माणूस मोकळा आहे का, हा हिशेब वेगळा मांडावा लागतो. त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये लेव्हलिंगची, म्हणजे माणसावरचा ताण पाहून कामे पुढे सारण्याची सोय आहे, पण तिला आधी काही सांगावे लागते. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये प्राधान्याचा आकडा 0 ते 1000 असतो आणि आपण हात लावला नाही, तर प्रत्येक काम 500 वरच राहते. सगळेच 500 वर असले, की कोणते काम मागे सारायचे ते सॉफ्टवेअर आपल्या नियमांनी ठरवते. मग तारखा पुढे गेलेल्या पाहून आपण दचकतो आणि लेव्हलिंग रद्द करतो. तारखा पूर्ववत होतात, डिझायनर मात्र रात्री दहापर्यंत बसतो.

नियोजनाची मोठी साधने या शहराला नवीन नाहीत. नागपूर मेट्रोच्या पहिल्या टप्प्याचे काम 2015 मध्ये सुरू झाले आणि डिसेंबर 2022 मध्ये तो पूर्ण झाला. महामेट्रोने त्यासाठी त्रिमितीय आराखड्याला वेळ आणि खर्च जोडणारी ‘फाइव्ह-डी बिम’ प्रणाली वापरली. याच काळात पुण्याच्या मेट्रोची जबाबदारीही याच संस्थेकडे होती. एवढ्या मोठ्या संस्थेत नियोजनाला स्वतंत्र माणसे देता येतात. आपल्यापैकी बहुतेकांची कार्यालये दहा-पंधरा जणांची. तिथे नियोजक, हिशेबनीस आणि साइटवर धावणारा माणूस बहुधा एकच. म्हणूनच प्राधान्याचा निर्णय टाळणे लहान कार्यालयाला अधिक महाग पडते.

उशीर दिसू लागला की नवा माणूस घेण्याकडे आपला कल असतो. उशिरा चाललेल्या प्रकल्पात माणसे वाढवली तर तो आणखी रखडतो, हे फ्रेड ब्रूक्स यांनी 1975 मध्येच सॉफ्टवेअर प्रकल्पांच्या अनुभवावरून लिहून ठेवले आहे. ड्रॉइंगच्या टेबलावरही फारसे वेगळे घडत नाही. नवख्याला समजावण्यात जाणारा वेळ त्याच थकलेल्या डिझायनरचा असतो.

करण्यासारखे फार नाही, पण ते नेमाने करावे लागेल. सगळे प्रकल्प एकाच पूलला जोडा. माणसाच्या वेळेचा ऐंशी टक्क्यांवर हिस्सा वाटू नका. उरलेला वेळ साइटचे फोन आणि फेरबदल खातातच. दर सोमवारी कार्यालयप्रमुखाने प्रकल्पांची क्रमवारी लावावी आणि तीच सॉफ्टवेअरमध्ये भरावी. लेव्हलिंगनंतर ज्याची तारीख पुढे गेली, त्या ग्राहकाला त्याच आठवड्यात कळवावे. ग्राहक रागावेल, पण आज सांगितलेला उशीर त्याला सावरता येतो. हस्तांतरणाच्या आदल्या दिवशी कळलेला सावरता येत नाही. कोणते काम थांबवायचे, हा निर्णय कार्यालयप्रमुखाचाच आहे. तो त्याने सॉफ्टवेअरवर ढकलू नये आणि डिझायनरवर तर मुळीच नाही.