नोटीस पाड्यावर लावा!

साथींनो, मुंबई महापालिकेचं २०२५-२६चं बजेट ७४,४२७ कोटींचं. त्यातून वेबसाईटवर खर्च करा, आमचं काही म्हणणं नाही. दाखला, पाणीपट्टी घरबसल्या होत असेल तर खाडा पाडून खेटे कोण घालील? पण वेबसाईटवर टाकलं म्हणजे लोकांना कळवलं, हे आम्ही मानणार नाही.

आरेचंच बघा. ४ ऑक्टोबर २०१९ला हायकोर्टाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू. लोक म्हणाले, महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाचा आदेश आज वेबसाईटवर चढला, आता पंधरा दिवस थांबा. मेट्रोवाले म्हणाले, आदेश १३ सप्टेंबरचा, पंधरा दिवस कधीच सरले. भांडण तारखेचं, आणि तारीख कुठे, तर कम्प्युटरात! ७ तारखेला सुप्रीम कोर्टाने थांबवलं, तोवर २,१४१ झाडं आडवी. पाड्याच्या नाक्यावर कागद डकवायला काय लागतं? वाटीभर खळ.

माहिती अधिकार कायदा २००५, कलम ४ वाचा. स्थानिक भाषेत, त्या भागात सगळ्यात परिणामकारक ठरेल अशा रीतीने कळवा, असं त्यात आहे. नोटीस बोर्ड, वर्तमानपत्र, जाहीर घोषणा आणि इंटरनेट. साहेबांनी शेवटचं तेवढं उचललं.

तेव्हा मागणी एकच. जमीन, झाड, घर यांची नोटीस पाड्यावर लागेल, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली जाईल, त्या दिवसापासून मुदत मोजा. अर्ज तयार आहे. वॉर्ड ऑफिसात जाताना दोन प्रती न्या, पोच घेतल्याशिवाय हलू नका.