कात्री जरा बाजूला ठेवा

विमान टपालाची जुनी तिकिटं जमवणाऱ्यांत सरळ दोन जाती आहेत. एकांना तिकीट कोरं करकरीत हवं, मागचा डिंकसुद्धा शाबूत. दुसऱ्यांना ते पाकिटावर, शिक्क्यासकट हवं. मी दुसऱ्या जातीतला. कोऱ्यावाल्यांशी माझे वाद होतात आणि होतच राहणार.

विमान आणि खाली शहर अशी चित्रं या तिकिटांवर नेहमीची. अमेरिकेने १९४७ साली काढलेली तीन तिकिटंच घ्या. १० सेंटवर वॉशिंग्टनमधली पॅन अमेरिकन युनियनची इमारत, १५ सेंटवर स्वातंत्र्यदेवीचा पुतळा आणि मागे न्यूयॉर्कच्या उंच इमारती, २५ सेंटवर सॅन फ्रान्सिस्कोचा बे ब्रिज. आल्बममध्ये ओळीने लावली की झकास दिसतात. पण १०, १५, २५ हेच आकडे का?

कारण नोव्हेंबर १९४६ पासून अमेरिकेतून बाहेर जाणाऱ्या विमान टपालाचे दरच तसे होते. अर्ध्या औंसाला लॅटिन अमेरिकेसाठी १०, युरोपसाठी १५ आणि आशियासारख्या लांबच्या मुलखांसाठी २५ सेंट. आता चित्रं पुन्हा बघा. अमेरिका खंडातल्या देशांच्या संघाची इमारत, अटलांटिककडे तोंड करून उभं असलेलं न्यूयॉर्क आणि पॅसिफिकच्या काठचं सॅन फ्रान्सिस्को! चित्र उगाच सुंदर म्हणून निवडलेलं नाही, पत्र कुठल्या दिशेला निघालंय तेच ते सांगतं. म्हणजे मुंबई-पुण्याला येणाऱ्या पत्रावर एकच तिकीट लावायचं तर ते पुलाचं. (पत्र प्रत्यक्षात पॅसिफिकवरूनच येईल असं मात्र नाही हं.) बोटीने तेच पत्र ५ सेंटात आलं असतं. कुणीतरी पाचपट पैसे मोजले, का मोजले, ते पत्ता आणि तारीख बघूनच कळणार. सुट्या तिकिटावरून काय कळणार, कपाळ?

त्या पुलावरच्या विमानाचीही गंमत आहे. ते बोइंगचं स्ट्रॅटोक्रूझर. तिकीट आलं जुलै १९४७ मध्ये. ते विमान पहिल्यांदा उडालं त्याच महिन्यात, आणि प्रवासी घेऊन जायला लागलं १९४९ साली. म्हणजे सुरुवातीची कित्येक पत्रं अशा विमानाचं चित्र मिरवत गेली, जे अजून सेवेतच नव्हतं. १० सेंटवरच्या मार्टिन २-०-२ चं नशीब तर वाईटच. १९४८ साली त्यातलं एक पंख तुटून पडलं, ३७ माणसं गेली. त्यानंतरच्या तारखेच्या शिक्क्याचं पाकीट हातात आलं की ते चित्र वेगळंच दिसतं. कोऱ्या तिकिटाला तारीखच नसते.

आपल्याकडे नाशिकच्या छापखान्यात १९२९ साली विमान टपालाची पहिली खास तिकिटं छापली गेली, सहा किमतींची, वर डी हॅविलंड हर्क्युलिस विमान. त्याच वर्षी लंडन-कराची विमान टपाल सुरू झालं. पुढे ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं पहिलं विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. त्यासाठी काढलेल्या १२ आण्यांच्या तिकिटावर कॉन्स्टेलेशन आहे. अमेरिकेच्या १५ सेंटांवर न्यूयॉर्कजवळ उडतंय तेच! एकाच जातीचं विमान दोन देशांच्या तिकिटांवर, वर्षभराच्या आत.

कोऱ्यावाल्यांची एक बाजू मात्र मला मान्य आहे. फ्रान्सची १९४९-५० ची मालिका बघा: लील, बोर्दो, लियाँ, मार्सेय आणि १००० फ्रँकचं पॅरिस, अलेक्झांडर तिसरा पुलासकट. काय कोरीवकाम आहे! त्यावर काळा जाड शिक्का बसला की जीव हळहळतो. आणि साध्या पत्राला देशात १५ फ्रँक लागत असताना १००० फ्रँकचं तिकीट घरगुती पत्रावर कोण लावणार? ते कोरं ठेवा, माझी हरकत नाही.

पण आपल्या घरांतल्या माळ्यावर, ट्रंकेत अजूनही परदेशातल्या काका-मामांच्या पत्रांचे गठ्ठे असतात. घर रिकामं करताना कुणीतरी "तिकिटं तेवढी ठेवू या" म्हणतं आणि चौकोन कापून घेतं. शिक्का अर्धा जातो, पत्ता रद्दीत जातो. पुलाचं ते २५ सेंटांचं कोरं तिकीट आजही फार महाग नाही, हवं तेव्हा मिळेल. पण १९४८ साली गिरगावातल्या एखाद्या चाळीच्या पत्त्यावर आलेलं पाकीट एकच असतं. गठ्ठा सापडला तर सुतळीसकट तसाच ठेवा, दमट कपाटात नको, आणि आतलं पत्र आतच राहू द्या.